‘येते’ म्हटल्यावर

मला घरात ‘शुद्धिपत्रक’ म्हणतात, वय एक्याऐंशी. शाळा चौथीत सुटली, पुढचे सर्व काही मी स्वतः वाचून मिळवले. म्हणूनच निरोप घेताना ‘येतो’ म्हणण्याची रीत मला कधी पटली नाही. माणूस जात असतो. क्रियापदाने खोटे का बोलावे? पत्नी म्हणे, ‘‘जातो म्हणू नये, अभद्र असतं.’’ या एका शब्दावरून आमचा संसारभर वाद चालला.

त्या दिवशी मेव्हण्याने मोटार काढली. सकाळी किल्ला, मग सरोवराकाठची दोन जुनी गावे आणि दिवेलागणीपूर्वी घर, असा बेत होता.

किल्ल्याच्या वरच्या मजल्यावर एक अरुंद दालन होते. तेथे ओल्या लोकरीचा वास कोंडला होता. खिडकीपाशी राखाडी शाल पांघरलेली एक वृद्धा सरोवराकडे पाहत बसली होती. आम्ही तिला तेथील राखणदारीण समजलो. पत्नी दमली होती. ती शेजारच्या बाकावर घटकाभर टेकली. उठताना सवयीने म्हणाली, ‘‘येते हं.’’

‘‘या,’’ मान न वळवता ती वृद्धा म्हणाली. ‘‘वाट पाहते.’’

खाली आल्यावर मी तिची चौकशी केली. तिकिटे तपासणारा म्हणाला, ‘‘वर कुणी नसतं. ती खिडकी तर कधीच चिणून टाकलीये.’’

मेव्हणा हसला. ‘‘भावोजींनी व्याकरण काढलं असणार. म्हातारी पळाली.’’

पहिल्या गावात पत्नीने घासही घेतला नाही.

‘‘निघू या ना,’’ ती म्हणाली.

‘‘कुठे?’’

‘‘परत. कुणीतरी खोळंबलंय.’’

तिचे मन रमावे म्हणून दुसऱ्या गावी आम्ही नावेत बसलो. नाव वळसा घेऊन किल्ल्याखाली आली. तटाच्या माथ्याशी, जेथून सकाळी आम्ही सरोवर पाहिले होते, तेथे खिडकीच्या जागी नुसते दगड बसवलेले दिसत होते. वारा पडला. वल्ह्यांचा आवाजही ऐकू येईनासा झाला. मग भर पाण्यात तोच ओल्या लोकरीचा वास आला. पत्नी उठली आणि तिने एक पाय नावेच्या कडेवर ठेवला.

मी तिचे मनगट धरले. ते गारठलेले होते.

‘‘ताई, खाली बस,’’ मेव्हणा म्हणाला. त्याचे हसू मावळले होते.

‘‘बोलावतायत... मी येते म्हटलं होतं...’’

‘‘मग आता ‘जाते’ म्हण,’’ मी म्हणालो.

‘‘तसं तोंडातून काढू नये...’’

‘‘आयुष्यात माझं एवढं एक ऐक.’’

ती दगडांकडे पाहत राहिली. नाव त्या अंगाला कलू लागली. शेवटी ती पुटपुटली, ‘‘जाते... मी जाते.’’

वास सरला. नाव सावरली. पत्नी खाली बसली आणि म्हणाली, ‘‘भूक लागलीये हो.’’

धक्क्यावर उतरताना मला नावाड्याने हात दिला. त्याचे आभार कसे मानावे ते मला सुचेना, आणि जन्मभर टाळलेला शब्द तोंडून निसटला.

‘‘येतो.’’

नावाडी दोर बांधण्यात गुंतला होता. उत्तर माझ्या मागून, पाण्याच्या बाजूने आले.

‘‘या.’’

पत्नी आता ठणठणीत आहे. बदलले ते एवढेच, की मी कोणाचाही निरोप घेत नाही. आणि कपाटातली माझी लोकरी शाल, दिवसभर उन्हात वाळवली तरी, सकाळी ओली असते.