मधला मॉनिटर

पतंग उतरवा आता, फिरक्या ठेवा आणि इकडे या. मयंक, त्या टाकीवरून खाली ये आधी. घाबरून पडलास तर तुझी आई मला फाडून खाईल. सांगतो ते खरं आहे. सलील माझ्या मित्राचा मुलगा, लहरीपुऱ्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. तुमच्यासारखाच भुताखेतांना हसणारा.

तीन वर्षांपूर्वीची हीच रात्र, वासी उत्तरायणची, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची. सलील मांजलपूरला शिवांगीकडे निघाला होता, कॉम्प्युटर बघायला. कॉम्प्युटर तिच्या भावाचा, शौर्यचा. त्याच्या आदल्या वर्षी उत्तरायणलाच स्कूटरवरून येताना मांजाने शौर्यचा गळा चिरला आणि पोरगं रस्त्यातच गेलं. लग्नाचे अल्बम बनवायचं त्याचं काम मग शिवांगीने उचललं. सलीलचा जीव तिच्यात आणि तिचा त्याच्यात, पण लग्नाचं विचारलं की ती म्हणायची, "दादाने तुला पाहिलंसुद्धा नाही. त्याला न विचारता हो कसं म्हणू?" आता गेलेल्या माणसाला विचारायचं तरी कसं? बिचारा वर्षभर हेलपाटे घालत होता. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवूनच तो जिना चढला.

टेबलावर दोन मॉनिटर, मध्ये वीतभर मोकळी जागा. डावा काळा पडलेला.

"आणि पानं हरवतात रे," शिवांगी म्हणाली. "अल्बमचं पान उघडतं, पण दिसतच नाही. जो ने, बघ ना, माउसचा बाणसुद्धा मध्येच गायब होतो."

सलीलने केबल घट्ट बसवून पाहिली. काही नाही. "ट्यूब बंद कर जरा. आतला दिवा जळतोय का ते अंधारातच कळतं."

ती दाराशी गेली, बटण दाबलं आणि तिथेच उभी राहिली. डाव्या पडद्यावर फिकट उजेड होता. म्हणजे मॉनिटर धड होता. सलीलने सोबत आणलेली केबल लावली आणि पडदा लागला. त्याने खुशीत बाण उजवीकडून डावीकडे सरकवला. बाण कडेला गेला, नाहीसा झाला... आणि बऱ्याच वेळाने डावीकडे निघाला. मधल्या मोकळ्या जागेत तो कुठेतरी जाऊन आला होता.

सलीलने सेटिंग उघडलं. त्यात एक बटण असतं. दाबलं की प्रत्येक मॉनिटर आपला नंबर मोठ्या आकड्यात दाखवतो. उजव्यावर आला एक. डाव्यावर आला तीन.

"दोन कुठाय?" शिवांगीने दारातून विचारलं.

सेटिंगच्या नकाशात चौकोन तीन. दोन नंबरचा मधोमध. सलीलने मागे हात घालून केबल चाचपल्या. दोनच होत्या. पुन्हा चाचपल्या. आता त्याला हसू येत नव्हतं.

मधला काढून टाकायचा, एवढंच काम होतं. पण बोट घसरलं आणि भलतीच ओळ दाबली गेली. 'फक्त दोनवर दाखवा.'

दोन्ही पडदे काळे.

"घाबरू नकोस," सलील म्हणाला. "हा बदल ठेवायचा का, असं कॉम्प्युटर आता विचारत असेल. पंधरा सेकंदांत कुणी हो म्हटलं नाही, तर आपोआप पहिल्यासारखं होतं."

"पण विचारतोय कुठे?"

विचारत होता तो दोनवर.

बाहेर गच्च्यांवर गाणी चालली होती. ती थांबली.

मग... टक्.

माउसचा आवाज. माउस सलीलच्या मुठीत होता. त्याने बोट हलवलं नव्हतं.

पंधरा सेकंद गेले. आणखी गेले. पडदे काळेच. कुणीतरी हो म्हटलं होतं.

"शिवांगी... ट्यूब लाव."

"दाबतेय... लागत नाहीये रे..."

खुर्चीमागे कुणीतरी होतं. श्वास नव्हता. पण होतं. सलीलला पळायचं होतं.

"शौर्यदादा..." त्याच्या तोंडून कसंबसं निघालं. "मी सलील. मला शिवांगीशी लग्न करायचंय. तुम्हाला नको असेल... तर सांगा. मी जातो."

काही नाही...

काहीच नाही...

आणि सलील किंचाळला.

ट्यूब लागली. पडदे लागले. नकाशात चौकोन दोनच. शिवांगी तिकडे दाराशी, हात बटणावर. सलील कान गच्च धरून बसलेला.

"शू थयुं? काय झालं?" तिची आई निरुपमाबाई आतून धावत आल्या. त्यांनी सलीलचा हात बाजूला केला. उजवा कान लालबुंद. पुढे अंगठ्याची खूण, मागे बोटाची.

बाईंनी त्या खुणेवरून बोट फिरवलं. "मांडव नाही, मुंडावळ्या नाहीत... आणि कान पिळून मोकळा झाला माझा शौर्य."

शिवांगी रडत होती. रडतारडताच ती सलीलला हो म्हणाली.

वैशाखात लग्न लागलं. मी पहिल्या रांगेत होतो. कानपिळीसाठी गुरुजींनी नवरीच्या भावाला हाक मारली, तसा तिचा मामेभाऊ उठून पुढे आला. शिवांगीने त्याला हातानेच थांबवलं. गुरुजी काही बोलणार होते... तेवढ्यात त्यांची नजर नवरदेवाच्या उजव्या, पुन्हा लालबुंद झालेल्या कानाकडे गेली.

ते क्षणभर थांबले. मग काही न विचारता त्यांनी पुढचे मंत्र म्हणायला सुरुवात केली.