महेश्वरी आत आहे

"महेश्वरी कोण हाय हितं?"

"मी. का?"

"तू अजून आतच हाईस की."

मी तर लॅबच्या दारात उभी होते! आणि माझ्या कॉम्प्युटरसमोर एक सावळा, उंच मुलगा ऐटीत बसलेला. खालच्या लॅबची लाइट गेली म्हणून मुलांना वर पाठवलं होतं. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. आमच्या शाळेत 'हू' एवढंच टाइप केलं की नेटवर्कवर कोण कोण आत आहे त्यांची नावं येतात. त्यात माझंही होतं. लॉगआउट न करताच मी डबा खायला पळाले होते. आमच्याकडे सगळेच पळतात.

"की-बोर्डला शेंगाचटणीचा वास बी येतोय," तो म्हणाला आणि हसला. डाव्या गालावर खळी... मी उगाचच ओढणी सारखी केली.

तो अजिनाथ. अकरावीला माळशिरसहून आलेला, हॉस्टेलवर राहणारा.

मग सवयच लागली. मुलींचा तास वर, त्याच वेळी मुलांचा खाली – पण सर्व्हर एकच! बसल्या बसल्या मी 'हू' टाइप करायचे. त्याचं नाव दिसलं की खुर्ची पुढे ओढायचे. आणि 'राइट' ही कमांड दिली की आपले शब्द थेट समोरच्याच्या पडद्यावर उमटतात, हे त्यानंच शोधून काढलं.

"जेवलीस का?"

"तुला काय करायचंय?"

"मेसची भाकरी करपली हुती."

"मग?"

"मग काय... तुझं नाव दिसलं, ग्वाड लागली."

मी तोंडावर हात दाबून हसायचे. शेजारची अंकिता कोपरानं ढोसायची.

दहावीपर्यंत मी वर्गात कधी हात वर केला नव्हता. "तुझा प्रोग्राम लई भारी हाय," असं त्यानं लिहिलं, आणि बार्शीला होणाऱ्या प्रोग्रामिंग स्पर्धेत मी आपणहून नाव दिलं. घरी वडिलांना, अप्पांना, विचारलंसुद्धा नाही, नुसतं सांगितलं.

त्या दिवशी त्यानं लिहिलं, "एक सांगायचं हाय."

"सांग."

"हसू नगंस."

"सांग ना..."

कर्सर लुकलुकत राहिला. माझे कान तापले. आणि तेवढ्यात संगमेश सरांनी प्रोजेक्टर लावला.

"आज नवी कमांड. 'डब्ल्यू'. 'हू' नुसती नावं दाखवते. ही प्रत्येक जण आत्ता काय करतोय तेही दाखवते."

भिंतभर ओळी आल्या. त्यातल्या दोन – 'अजिनाथ: राइट महेश्वरी'. 'महेश्वरी: राइट अजिनाथ'.

अख्खी लॅब हशानं फुटली.

"मही, भिंतीवर आलीस गं," अंकिता पुटपुटली.

लॅबमध्ये गप्पा मारल्या तर लॉगिन बंद, हा नियम सरांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. त्यांनी अजिनाथला वर बोलावलं. तो दारात उभा राहिला, कपाळावर घाम.

"हे तू लिहीत होतास?"

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. फक्त एकदा... मला वाटलं, आता 'हो' म्हणेल. मी खुर्चीतच ताठ झाले.

"न्हाय सर. मी पाणी प्यायला गेलतो. लॉगआउट करायचं इसरलो. कुणीतरी बसलं असंल माझ्या जागंवर."

"महेश्वरी कोण, ठाऊक आहे?"

"नाव ऐकलंय, सर."

नाव ऐकलंय.

सर माझ्याकडे वळले. आवाज मऊ केला त्यांनी. "तुझ्याही जागेवर दुसरं कुणी बसलं होतं का, बाळ?"

एक "हो" म्हणायचं होतं. बार्शी वाचली असती, सगळंच वाचलं असतं.

"नाही सर. मीच होते."

"मग बोलत कुणाशी होतीस?"

"ते आता सांगता येत नाही, सर. मी अजिनाथ समजून बोलत होते."

या वेळी कुणी हसलं नाही. माझं लॉगिन दिवाळीपर्यंत बंद झालं. स्पर्धेतून नावही गेलं.

संध्याकाळी सायकल स्टँडवर तो थांबला होता. आभाळ भरून आलेलं, पण पडत काहीच नव्हतं – नुसती धूळ.

"मही..."

"नाव ऐकलेलं दिसतंय."

तो खाली बघत राहिला. "हॉस्टेलातनं काढलं असतं गं. बापाला मेंढरं टाकून यावं लागलं असतं."

"हं."

"ते समदं मीच लिवत हुतो. आन् जे सांगायचं हुतं ना..." त्याचा आवाज चिरकला. "मला तू लई आवडतीस."

याच वाक्यासाठी मी किती तास त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले होते. आता ते आलं, तर मी सायकलचं कुलूप काढत होते.

"मला माहीत होतं, अजिनाथ. सांगायचं सरांना होतं."

"सरांना असलं सांगत्यात व्हय?"

"असलं नाही रे. 'मी होतो', एवढंच."

मी सायकलवर बसले. त्यानं मागून कॅरिअर धरलं.

"थांब की जरा..."

मी थांबले. खरंच थांबले. एक पाय जमिनीवर टेकवून मागे वळून बघितलं. गेटातून हॉस्टेलची दोन मुलं बाहेर येत होती. अजिनाथनं ती बघितली, आणि हात काढून घेतला.

मी पायडल मारलं.