डॉक्टरचा उजवा कान

सगळे माझ्या डाव्या बाजूला या. उजवीकडे कुणी बसायचं नाही. आणि दात काढायचे असतील तर आत्ताच काढून घ्या.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. भिंतीला भिंत लागून एक लॅपटॉप दुरुस्तीवाला. त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचा, मूठ उजव्या कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, आवाज पंख्याचा की डिस्कचा. कधी चुकला नाही. त्या कानावर त्याचं घर चालायचं.

एकदा एक निवृत्त शिक्षिका लॅपटॉप घेऊन आल्या. डिस्क टकटक वाजत होती. एकुलता एक मुलगा अपघातात गेलेला, त्याच्या आवाजाची रेकॉर्डिंग त्यात होती. "लॅपटॉप गेला तरी चालेल," बाई म्हणाल्या, "त्याचा आवाज तेवढा सांभाळ बाबा."

डॉक्टरने जुन्या डिस्कवरचं नव्या डिस्कवर उतरवायला घेतलं. दोन्ही डिस्क दिसायला सारख्या. घाईत दिशा उलटी दिली, आणि कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरली. सगळं पुसलं गेलं.

हे त्याने मला सांगितलं, घाम पुसत. बाईंना नाही. त्यांच्यासमोर त्याने मूठ कानाला लावली, डोळे मिटले. "डिस्क आधीच मेली होती, बाई."

"परवाच ऐकलं मी त्याला. पुन्हा ऐक."

पुन्हा तेच नाटक. "काहीच नाही."

बाई त्याच्या कानाकडे बघत राहिल्या. "काहीच ऐकू येत नाही ना तुला? बरं. लक्षात ठेवीन." मी दारातच उभा होतो. सगळं माहीत असून मूग गिळून राहिलो. अजून लाज वाटते.

दोन महिन्यांत बाई गेल्या.

मग डिसेंबरातला दुसरा मंगळवार. रात्रीचे सव्वानऊ. मी शटर ओढत होतो, तेवढ्यात बाईंचा भाचा आला. हातात तोच लॅपटॉप. "मावशीचा आहे. सारखा आवाज करतो. बघून ठेवा, सकाळी येतो." तो गेला. डॉक्टरने मला हाक मारली. "काका, जरा थांबता का?"

त्याने लॅपटॉप चालू केला. टक... टक... टक.

पंखा काढला. तरी टकटक.

स्पीकरची वायर सोडवली. तरी.

डिस्क काढून बाजूला ठेवली. तरी.

शेवटी बॅटरी काढली. स्क्रीन विझला.

टक.

डॉक्टरने स्क्रूड्रायव्हर उचलला. "नको लावूस कान," मी म्हणालो. पण हाडात भिनलेली सवय. लावला.

टकटक थांबली...

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हो बाई... मीच पुसलं..."

मला काही ऐकू येत नव्हतं.

"खोटं बोललो..."

तो मान मागे ओढायला लागला.

"नको... बाई, कान नको..."

मूठ कानापासून सुटेना. मी मनगट धरून ओढलं. दोन्ही हातांनी. सुटेना. मग आपोआप सुटली.

उजवा कान गेला तो गेलाच. सगळ्या तपासण्या झाल्या, दोष सापडला नाही. दुकान बंद पडलं.

महिन्याभराने मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने मला बाजूला घेतलं. "काका, यांच्या कानाजवळ एकदा कान न्या."

मला वाटलं, काळजीने बिचारीचं डोकं फिरलंय. तरी वाकलो. माझा उजवा कान त्याच्या उजव्या कानापाशी नेला.

आतून आवाज येत होता. बारीक. तरुण मुलाचा, हसरा.

"आई, पोचलो गं मी. तू जेवून घे."

पुन्हा...

पुन्हा...

डॉक्टर माझ्याकडे आशेने बघत होता. "काय ऐकू येतंय, काका?"

खरं सांगायचा धीर झाला नाही.

"काहीच नाही," मी म्हणालो.

...म्हणून सांगतो, पोरांनो. उजवीकडे बसू नका. माझ्या कानातलं तुम्हालाही ऐकू येईल.