खोदू आणि गवतातलं बिऱ्हाड

तरसवाडीच्या पूर्वेच्या माळावर झाडं लावली आणि तिथली घुबडं नाहीशी झाली! आता हे काय कोडं? झाडं आली की पाखरं येतात, असं सगळेच सांगतात. पण गवती घुबड त्या नव्या रोपांच्या रांगांकडे ढुंकूनही बघेना.

"रुसलंय ते," आबा म्हणाले. "मागे असंच रुसलं, तेव्हा मी गवताचं मूळ धरून समजूत काढायला खाली उतरलो. थेट पाताळात! वासुकी म्हणाला, पाय पुसून ये."

आबा म्हणजे राहीचे आजोबा, मोठे पक्षिशास्त्रज्ञ. त्यांच्या बोलण्यात विज्ञान किती आणि थापा किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नसे.

"आबा, आज थापा नकोत! खोदू पश्चिमेच्या माळावर येतोय!" राहीचे डोळे संतापाने भरून आले होते.

खोदू हा झाडं लावणारा यंत्रमानव. बैलाएवढा, सहा पायांचा. खड्डा खणायचा, रोप लावायचं, पाणी घालायचं, की पुढचं पाऊल. राहीची सुमनआत्या गावची सरपंच. 'पडीक माळ हिरवा करा' असा हुकूम तिनेच त्याला दिला होता. आणि नेमकी पश्चिमेच्या माळावर, उंच गवतात, राहीने कालच गवती घुबडाची पिल्लं पाहिली होती.

दोघं माळावर पोहोचली तेव्हा झाडं लावण्याच्या समारंभाच्या मांडवात फुगे लागले होते.

"आत्या, थांबव त्याला! तिथे घुबडाची पिल्लं आहेत!"

"शुभकार्यात घुबडाचं नाव नको काढूस गं. आणि झाडंच लावतोय ना? बसतील एखाद्या फांदीवर."

"ते झाडावर घरटं करत नाही! जमिनीवर करतं!"

"जमिनीवर राहणारं घुबड!" आत्या खो खो हसली. "आबांची थाप दिसतेय ही." सगळा मांडव हसला.

आबांनी मान खाली घातली. जन्मभर थापा मारल्या, त्याचं हे फळ. आज एकदाच गोष्ट खरी, तर कुणाला पटेना!

राही मात्र धावत जाऊन खोदूपुढे उभी राहिली.

"बाजूला हो, बाळ. ही जागा पडीक आहे," खोदू म्हणाला.

"कशावरून?"

"झाड नाही म्हणजे पडीक. पडीक असेल तिथे मी खोदतो."

"आणि कुणाचं घर असेल तर?"

"घरात मी खोदत नाही. पक्का नियम आहे. घर कुठे आहे?"

राहीने हात लांब करून गवत अलगद बाजूला केलं. आत वाकलेल्या पात्यांचा बोगदा होता. टोकाला दाबून केलेली गादी, तिच्यावर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या तोंडाची पिल्लं. खोदूला पाहून ती सापासारखी फुसकारली.

"भिंती, छप्पर, मुलं. घर आहे," खोदू म्हणाला. "एवढा तुकडा सोडतो. भोवती झाडं लावतो."

"अरे ठोंब्या!" राही कडाडली. "आमचं अंथरूण ठेवून स्वयंपाकघर उखडलंस, तर आम्ही खायचं काय?"

धापा टाकत आबा आले. आता त्यांच्या बोलण्यात एकही थाप नव्हती. "हे घुबड उंदरांवर जगतं. उंदीर गवतावर जगतात. खड्डे खणताना गवत उखडतं, पुढे झाडांची दाट सावली पडली की उरलेलंही मरतं. मग उंदीर जातात, मागोमाग घुबड. वर झाडावर बसलेल्या कावळ्याला खालचं घरटं आयतंच दिसतं. अधिवास (राहायला, खायला, लपायला लागणारी सगळी जागा) म्हणजे नुसतं घरटं नव्हे. हा सगळा माळ त्यांचं घर आहे."

खोदूचे दिवे लुकलुकले. "मग इथे पडीक काय आहे?"

"काहीच नाही!" राही ओरडली. "तुम्हाला कुणी राहताना दिसलं नाही, की म्हणता पडीक!"

खोदूने खणायचा हात मिटून घेतला. हार घातलेलं रोप घेऊन आत्या तरातरा आली.

"पाहुणे खोळंबलेत. खोद!"

"नाही, सरपंच. इथे बिऱ्हाड आहे. पूर्वेला मी झाडं लावली, तेव्हा तिथे कुणाचं घर होतं?"

आत्या गवताकडे वाकली आणि पिल्लं तिच्यावरही फुसकारली. ती दचकून मागे सरली. आता कुणीच हसलं नाही.

"तिथली रोपं अजून कोवळी आहेत," खोदू म्हणाला. "उचलून गावातल्या रस्त्यांच्या कडेला लावता येतील. काढू?"

आत्याने मांडवाकडे पाहिलं. "पाहुणे गेले की."

"आत्ता," राही म्हणाली.

आत्याने दातओठ खात हातातलं रोप तिच्या हातात कोंबलं. "हेही घेऊन जा. शाळेपुढे ऊन फार असतं."

खोदू पूर्वेकडे वळला, आणि राही त्याच्यापुढे धावत सुटली.