रातकाळीचा डबा

“वेल खादाड नसते, पोरी. निम्मंच दे,” असं अण्णांनी बजावलं होतं. अश्लेषानं ते हसण्यावारी नेलं. अण्णा म्हणजे तिचे सासरे, निवृत्त द्राक्षशास्त्रज्ञ. पण लेकरांना हात आखडून वाढणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

साल २०६१. अण्णांच्या अंगणातली रातकाळी द्राक्षाची शेवटची वेल रोगानं वाळली, त्याआधी अश्लेषानं तिचे निरोगी डोळे (पेरावरचे अंकुर) काढून तासगावच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धन (झाडाच्या इवल्या तुकड्यापासून बाटलीत रोप वाढवणं) सुरू केलं. बारा बाटल्यांपैकी आठ मेल्या. उरलेल्या चारांतली खालची पानं काचेसारखी फुगू लागली. या गेल्या, की रातकाळी संपली.

असं का व्हावं? सगळं तर पोटभर दिलं होतं.

तेवढ्यात नऊ वर्षांची ओजू शाळेतून आली. डबा अर्धा तसाच. अश्लेषा रागावली, तशी ती शांतपणे म्हणाली, “आई, तू बाबाच्या मापानं भरतेस.”

अश्लेषाचा हात थांबला. पोषणमाध्यम (बाटलीतल्या रोपाचं जेवण: क्षार, साखर, संप्रेरकं) तिनं एका जुन्या, नावाजलेल्या कृतीनं केलं होतं. ती कृती मुळात तंबाखूसाठी शोधलेली! द्राक्षाला एवढं अमोनियम (नत्राचं एक रूप) सोसत नाही. पेशी पाण्यानं फुगतात, पानं काचाळतात.

“पण निम्मंच का? पाऊण का नाही?” ओजूनं विचारलं.

उत्तर अण्णांच्या अनुभवात होतं, पुरावा मात्र हवा होता. अश्लेषानं उरलेल्या चार रोपांच्या शेंड्यांकडचे आठ चांगले डोळे कापले. क्षार तोलणाऱ्या यंत्रमानवाला सगळे मापाडी म्हणत. त्यानं चार प्रकारचं जेवण बनवलं: पूर्ण, पाऊण, निम्मं, पाव. प्रत्येकात दोन डोळे. साखर, उजेड, ऊब सगळ्यांना सारखी.

दहाव्या दिवशी पाव मापाची रोपं पिवळी पडली. निदान उजेड तरी वाढवावा म्हणून अश्लेषानं हात पुढे केला.

ओजूनं तो धरला. “दोन गोष्टी बदलल्या तर कशानं काय झालं, हे कसं कळणार?”

मापाडीनं दिवा होता तसाच ठेवला. अश्लेषानं हात मागे घेतला.

महिन्यानं पूर्ण मापातली रोपं काचाळली, पाऊण मापातली रेंगाळली. निम्म्यात मात्र हिरवीगार पानं आणि पांढरीशुभ्र मुळं! त्या रोपांपासून आणखी रोपं झाली. आता निम्म्याच्या आसपासची मापं तपासायची आहेत. ती यादी ओजूच्या अक्षरात भिंतीवर लागली आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अश्लेषा ती दाखवते.

पहिलं रोप अण्णांच्या अंगणात लागलं. वेल खादाड नसते म्हणणारे अण्णा आता तिला दिवसातून चारदा पाणी घालतात आणि स्वतः जेवायचं विसरतात. म्हणून अश्लेषाचं तुम्हाला एक सांगणं आहे: तासगावला आलात, तर दुपारी त्यांच्या फाटकातून जरा डोकावा. झारी हातातून काढून घ्या, आणि जेवलात का, ते विचारा.