दोन नावांची मुलगी

हिमोत्तर संघात कायमचं राहायला जायचं, तर नवरा-बायकोला दोन वाटा होत्या. एकेरी आणि जोड. एकेरी वाटेने ज्याने त्याने आपापल्या गुणांवर अर्ज करायचा. निनाद खानझोडे शीतगृहांचा इंजिनियर, त्याचा नंबर हां हां म्हणता लागला असता. वृंदा शाळेत इतिहास शिकवायची. बर्फ वितळून नुकत्याच मोकळ्या झालेल्या त्या देशात इतिहासाची कोणाला घाई असणार! तिला सात-आठ वर्षं तरी नागपुरातच थांबावं लागलं असतं. जोडवाटेने दोघं एकदमच जाऊ शकत होती, येत्या थंडीच्या आत. अट एकच होती, स्मृतिमेळ.

"चला, म्हणजे आपली भांडणं मिटली," निनाद म्हणाला. "तू म्हणतेस आपण पहिल्यांदा भेटलो ते कुणाच्या तरी लग्नात, मी म्हणतो फुटाळा तलावावर. आता सरकारी खर्चाने निकाल लागेल बाप्पा!"

वृंदा हसली, पण अर्जावरचा 'स्मृतिमेळ' हा शब्द तिने पुन्हा एकदा वाचला.

स्मृतिमेळ केंद्राच्या डॉ. वझलवार पन्नाशीच्या, जरा फटकळ बाई होत्या. "पूर्वी तिकडे जाणाऱ्या जोडप्यांची नुसती परीक्षा घ्यायचे," त्यांनी सांगितलं. "लग्न खरं की खोटं ते बघायला. खोटी जोडपी घोकून यायची, त्यांची उत्तरं तंतोतंत जुळायची. खऱ्यांचं कशाला काही जुळेल? मग त्या शहाण्यांनी ठरवलं, जुळत नाही ना, मग जुळवूनच पाठवा. वर त्यांच्या लक्षात आलं की जुळवलेली जोडपी मोडत नाहीत. त्यांना टिकणारी माणसं हवीत, दुसरं काय!"

"पण जुळवता कसं?" वृंदाने विचारलं.

"थिजलेलं तूप बघता ना? ऊब दिली की पातळ होतं, आणि परत थिजताना ज्या भांड्यात असेल त्याचा आकार घेतं. आठवणीचंही तसंच आहे. आठवण काढली की ती मेंदूत थोडा वेळ मऊ पडते आणि मग नव्याने घट्ट होते. आम्ही तुम्हा दोघांना एकच प्रसंग एकाच वेळी आठवायला लावतो आणि मऊ असतानाच दोन्ही आठवणी एका भांड्यात ओततो. दोघांत फरक असेल तिथे ज्याची आठवण त्या क्षणी जास्त तापलेली, त्याची राहते."

"आणि दुसऱ्याची?"

"ती कधी नव्हतीच, असं होतं."

वृंदाने खाली मान घातली. "एखादी गोष्ट एकालाच माहीत असेल तर?"

"तिला मग जोडच नाही. यंत्र तिच्या वाटेला जात नाही. तशा गोष्टी तुम्ही मला एकेकट्याने सांगून ठेवायच्या, म्हणजे मी त्या बाजूला ठेवते."

वृंदाला हायसं वाटलं. तिच्याकडे तशी एकच गोष्ट होती.

पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिला मुलगी झाली होती, पण रडली नाही. त्या उन्हाळ्यात नागपुरात कितीतरी पाळणे रिकामे राहिले. उष्णतेने पोटातच जीव गुदमरतात, असं डॉक्टर सांगत, आणि म्हणूनच तर हा सगळा देशांतराचा खटाटोप चालला होता. दवाखान्यातली नर्स पाठमोरी झाली, तेव्हा वृंदाने बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि बारशाला आत्या करते तसं 'कुर्र' करून नाव सांगितलं. रुंजी. पोटात सारखी रुंजी घालायची म्हणून. मग निनाद आला आणि बाळाला मातीत ठेवायला घेऊन गेला. त्यानंतर त्या विषयावर दोघं अवाक्षर बोलली नव्हती. त्याला त्रास होईल म्हणून ती गप्प राहिली.

तिने हे डॉ. वझलवारांना सांगितलं. बाईंनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "हे घरी सांगू नका. तिकडे पोचल्यावर हवं तितकं बोला. तोवर नाही."

"मी कशाला सांगतेय!"

पण सामान आवरताना, खिडक्या लावून घेतलेल्या एका दुपारी, निनादने माळ्यावरून एक पिशवी काढली. आत पिवळी कुंची होती, वृंदाच्या आईने बाळासाठी शिवलेली. ती त्याने टाकून दिली असेल, असंच वृंदा इतकी वर्षं समजत होती.

"अरे, तू ही ठेवलीस?" तिने कुंची हातात घेतली. आणि मग कसली वझलवारबाई नि कसली ताकीद! "निनाद, मी तिचं नाव ठेवलं होतं रे. रुंजी. तिच्या कानात सांगितलं होतं."

निनाद रिकामी पिशवी घेऊन तिच्या शेजारी बसला.

"मीही ठेवलं होतं," तो म्हणाला. "पालवी. तिला ठेवलं ना, तिथे वर कडुनिंबाला नवी पानं फुटली होती, एवढ्या उन्हात. कुर्र केलं मी. आत्याच्या पाठीत बुक्के मारतात ना गं, तिथे मारायला कोणी नव्हतं. मग मीच आपला हात मागे नेऊन..."

 दोघं एकमेकांना धरून रडली, हसली, पुन्हा रडली. पाच वर्षांत इतकी जवळ ती आली नव्हती. आणि मग वृंदाच्या एकदम ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते.

"सांगितलं होतं ना मी!" डॉ. वझलवार कळवळून ओरडल्या. "दोघांनीही तेच सांगितलं होतं मला, एकाच सकाळी. काय करणार होते मी? आता ती आठवण जोडीची झाली. एका मुलीची दोन नावं, दोन जागी, दोन वेळा. यंत्राच्या लेखी ही चूक आहे. एकच राहील."

"दोन्ही नाही का ठेवता येणार? त्याने कोणाला काय बाधतंय?" निनाद म्हणाला.

"मेळ झाला नाही, तर एकेरी वाट आहे."

म्हणजे वृंदाने एकटीने इथे राहायचं आणि चाळिशी उलटून गेल्यावर तिकडे पोचायचं. त्या थंड देशात निरोगी मूल होण्याची जी काही आशा होती, तीही इथेच सोडायची. कोणाचं नाव राहू द्यायचं, ते दोघांनी आपापसात ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी जोडवाटेच्या अर्जावर सह्या केल्या.

यंत्राच्या खुर्चीत बसताना वृंदाने मनाशी पक्कं केलं होतं. मला निदान तिला मांडीवर घेता आलं. त्याच्या वाट्याला नुसती माती आली. राहू दे त्याचंच नाव. डॉ. वझलवारांनी "आता तो दिवस आठवा" म्हटल्यावर तिने जिवाच्या आकांताने पालवी, पालवी म्हणायला सुरुवात केली. रुंजी, मला माफ कर गं, एवढंच मध्ये एकदा म्हणाली.

हिमोत्तर संघात त्यांचं छान बस्तान बसलं. पहिली भेट फुटाळ्यावर झाली, यावर दोघांचं एकमत होतं. पालवीबद्दल ती आता मोकळेपणी बोलत. कडुनिंबाखाली दोघांनी मिळून तिच्या कानात कुर्र केलं होतं, हे दोघांनाही लख्ख आठवत होतं.

तिसऱ्या वर्षी त्यांना मुलगी झाली, खणखणीत रडणारी. बारशाला नागपूरचं कोण येणार! म्हणून वृंदाने डॉ. वझलवारांना पडद्यावर बोलावलं. एवढा मोठा उपकार त्यांचा.

"नाव काय ठेवताय?" बाईंनी हसत विचारलं.

"ह्यालाच सुचलं," वृंदा कौतुकाने म्हणाली. "अगदी नवीन आहे, आमच्या अख्ख्या खानदानात कोणाचं नाही. रुंजी."

पडद्यावरचं हसू जागीच थिजलं.

"काय हो, आवडलं नाही का?"

"छान आहे," डॉ. वझलवार म्हणाल्या. "खूप छान आहे हो." आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. हळव्या झाल्या बिचाऱ्या, असं वृंदाला वाटलं.

आत्या नव्हती, म्हणून आईनेच नाव सांगायचं ठरलं. पाठीत बुक्के मारायला निनाद हसत मागे उभा राहिला. वृंदा पाळण्यात वाकली, कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि तशीच वाकून राहिली. नाव सांगितल्यावर काही क्षण बाळाच्या छातीवर हात ठेवून बघायचं असतं, श्वास चालतोय का ते, असं तिला आतून पक्कं वाटत होतं. असा काही रिवाज नाही हे तिलाही माहीत होतं. तरी हात निघेना.

"अगं, झालं ना? ऊठ आता," निनाद म्हणाला.

"थांब," ती म्हणाली. "एकदा ओ देऊ दे तिला."