ॲक्सलचा कौल

हर्षदच्या गाडीला अजून नाव नव्हतं, रंग नव्हता आणि मागचा ॲक्सलही नव्हता. शिरगावच्या घराच्या मागल्या पडवीत पाइपांचा नुसता सांगाडा उभा होता, एखाद्या मोठ्या माशाचा काटा साफ करून ठेवावा तसा. दोनच सीटा, आणि वजन इतकं कमी की चार जणांनी उचलून अंगणात न्यावा. बँकेतून आला की हर्षद शर्ट बदलून थेट तिथेच. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, गेल्यापासून तर जास्तच.

त्याच्या बायकोने, मृणालीने, त्याला कधी अडवलं नाही. एकदाच विचारलं होतं, "ईशाला बसवणार आहेस यात?"

"मग! आरे-वारेच्या रस्त्याला पहिली चक्कर तिचीच."

त्या रस्त्याची वळणं मृणालीला पाठ होती. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला खाली समुद्र. त्यांची लेक ईशा अजून तीन वर्षांचीही झाली नव्हती. त्या दिवसापासून गाडीचा एकेक बोल्ट मृणाली स्वतः हात लावून बघू लागली.

मिरजोळ्याच्या भंगारवाल्याकडून दोन ॲक्सल आले. एक जीपचा, जाडजूड. एक जुन्या व्हॅनचा, सडसडीत. ती व्हॅन बुरोंडीकडे शाळेची मुलं न्यायची आणि नंतर बरीच वर्षं किनाऱ्यावर नुसती उभी होती, एवढंच भंगारवाल्याला ठाऊक होतं.

"जीपचा दणकट आहे," हर्षद म्हणाला, "पण एवढ्याशा गाडीला फार जड. प्रत्येक खड्ड्यात मागची चाकं उडणार. व्हॅनचा हलका, पण किती जुना आहे बघ."

त्याने व्हॅनचा ॲक्सल लाकडी ठोकळ्यांवर ठेवला आणि ईशाला गंमत दाखवली. डाव्या टोकाचा, चाक बसतं तो ड्रम पुढे फिरवला की उजव्या टोकाचा आपोआप उलटा, मागे फिरायचा. ईशा टाळ्या पिटत राहिली.

"दोन्ही एकाच दिशेला नाहीत फिरत?" मृणालीने विचारलं.

"इंजिन जोडलं की फिरतील. नाहीतर मग दोन्ही टोकांना फिरवायला एकेक माणूस हवा."

दिवस जात राहिले, हर्षदचं काही ठरेना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "कौल लावूया."

"आई, डिफरन्शियलमधलं देवीला काय कळतंय?"

"तुला तरी कुठे कळतंय? नुसता दोन्हींकडे बघत बसलायस." सुनेत्राबाई निवृत्त शिक्षिका. पण घरच्या विहिरीची जागाही कौलानेच ठरली होती, आणि विहीर कधी आटली नव्हती.

देवळात गुरवाने मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. व्हॅनचा ॲक्सल घरात ठेवावा का, असं विचारायचं ठरलं. गाऱ्हाणं घालता घालता गुरव थांबला. "घरात माणसं किती, बाई?"

"पाच," सुनेत्राबाई डोळे मिटून म्हणाल्या.

मृणालीने मान वळवली. पण मधेच बोलणं बरं दिसेना.

"तर बा देवी महाराजा, ही जी पाच माणसं आहेत त्यांना आपली म्हण, एकाच घरात सुखाने ठेव."

"होय महाराजा," सगळे म्हणाले. मृणालीही म्हणाली. उजवी पाकळी लगेच खाली आली. इतक्या लवकर कधी येत नाही, असं गुरव म्हणाला.

पायऱ्या उतरताना मृणालीने हळूच सांगितलं, "आई, पाच म्हणालात."

सुनेत्राबाई थबकल्या. "म्हटलं का? सवय गो. ह्यांना धरूनच मोजते अजून."

व्हॅनचा ॲक्सल पडवीत राहिला. त्याच्या नळीतून वाळू गळायची. हर्षदने धुऊन काढली तरी सकाळी खाली बारीक, पांढरी रांग असायची, आणि ती बोटाला ओली लागायची. दुपारी सगळं घर पेंगायचं, पोफळींच्या सावल्या पडवीत येऊन हलायच्या, आणि अर्धवट झोपेत मृणालीला लोखंडाची मंद घरघर ऐकू यायची, कोणी पाळणा हलवत असावं तशी.

एका दुपारी ती उठली. शेजारी ईशा नव्हती.

ती पडवीत होती, डाव्या ड्रमपाशी उकिडवी बसलेली. इवल्याशा हातांनी ड्रम पुढे ढकलत होती. मृणाली हसणार होती. मग तिची नजर उजव्या टोकाकडे गेली.

तो ड्रमही पुढेच फिरत होता.

ईशा थांबली. तो थांबला. ईशाने पुन्हा ढकलला. तोही.

मृणालीने लेकीला उचललं आणि मागे न बघता स्वयंपाकघर गाठलं.

"आतलं बेअरिंग जाम झालं असेल," संध्याकाळी हर्षद म्हणाला. पण तिचा चेहरा बघून त्याने वाद घातला नाही. "जीपचा लावतो. उडू देत चाकं."

"देवीने दिलेला कौल मोडायचा?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"मग परत जाऊन सांगा, आई. आम्ही चारच आहोत म्हणून सांगा."

सुनेत्राबाईंनी विहिरीकडे बघितलं. "मागून घेतलेलं माणूस परत कसं करायचं, गो?"

व्हॅनचा ॲक्सल भंगारवाल्याच्या टेम्पोत चढला. मृणालीने पडवी झाडली, पाणी मारलं. सकाळी खाली वाळू नव्हती. तिला त्या रात्री गाढ झोप लागली.

रविवारी सकाळी जीपचा ॲक्सल सांगाड्याखाली बसला. इंजिन अजून जोडलं नव्हतं. मागची बाजू ठोकळ्यांवर उचललेली होती. मृणाली दारात उभी होती, ईशा कडेवर, तिचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरून.

"ये, बघ स्वतः," हर्षद म्हणाला. त्याने डावा ड्रम पुढे ढकलला.

उजवा उलटा फिरला. मागे, मागे, अगदी नियमाप्रमाणे.

मृणालीने श्वास सोडला.

"दिसलं?" हर्षद हसला. त्याचा हात डावा ड्रम पुढे ढकलतच होता.

ईशा कडेवरून वाकली. उजव्या टोकाकडे बघून म्हणाली, "असं नाही. माझ्यासारखं फिरव."

उजवा ड्रम थांबला.

मग सावकाश पुढे फिरू लागला.